डोक्याला करंट लावून लक्ष वाढतं का?

प्रश्न: मुलगी सायकॉलॉजीत एमए करतेय, कॉलेजात एका सीनियरच्या प्रयोगात बसणारेय, डोक्याला करंट लावून स्क्रीनवरचे ठिपके बघायचे म्हणे. मला तर शॉकच आठवला. त्यात धाकटा बारावीला, तो म्हणतो असलं मशीन ऑनलाइन मिळतं, घेऊया, अभ्यासात लक्ष लागेल. काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, शॉक ट्रीटमेंटशी याचा संबंध नाही. तिथे शेकडो मिलिअँपिअरचा करंट असतो आणि फिट मुद्दाम आणतात, तोही भूल देऊन. इथे साधारण १ ते २ मिलिअँपिअर, वीसेक मिनिटं. मिठाच्या पाण्यातले स्पंज डोक्याला पट्ट्याने बांधतात, पाणी कानामागून ओघळतं, थोडं चुणचुणतं, बस. (तेल थापून जाऊ नको म्हणावं, करंट नीट लागत नाही.)

स्क्रीनवरचा खेळ मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नरने १९८०मध्ये गाजवलेला. नजर मधल्या खुणेवरच ठेवायची, बाण येतो डावीकडे नाहीतर उजवीकडे, मग ठिपका दिसला की बटण. बाणाच्याच बाजूला ठिपका आला तर बोट लवकर पडतं, म्हणजे डोळे न हलताही लक्ष तिकडे गेलेलं असतं. दादरला मान मोबाइलमध्ये आणि ध्यान मात्र येणाऱ्या फास्टकडे, तेच हे.

आता करंट कशाला? तर डावीकडे लक्ष दिलं की मेंदूच्या उजव्या मागच्या भागातल्या सेकंदाला दहाएक वेळा होणाऱ्या अल्फा लहरी कमी होतात, हे ईईजीत, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विजेच्या आलेखात, दिसतं, पण त्या लहरींमुळे लक्ष वळतं की लक्ष वळल्यावर लहरी बदलतात हे नुसतं बघून कसं कळणार? बिल्डिंगमधलं कुठलं बटण कुठल्या जिन्याचं ते दाबल्याशिवाय कळत नाही, तसं. म्हणून त्याच वेगाचा करंट देऊन बघतात.

उजव्या पराएटल भागावर, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागावर, तर सगळ्यांचाच डोळा, कारण तिथे स्ट्रोक बसलेल्या काहींना डावी बाजू जणू नसतेच. नजर शाबूत, पण ताटातली भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच.

करंटने लक्ष वळवता येतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा मला वाटतो माकडांवरचा, २००३चा, मूर आणि आर्मस्ट्राँग या संशोधकांचा. डोळे हलवणाऱ्या पुढच्या भागात इतका बारीक करंट दिला की डोळे हललेच नाहीत, तरी मागच्या, दिसलेलं ओळखणाऱ्या व्ही४ भागातल्या पेशी समोरच्या चित्राला जास्त जोराने प्रतिसाद द्यायला लागल्या. पण तिथे तार थेट मेंदूत होती हो! बाहेरून दिलेला बराचसा करंट कातडी आणि हाडातूनच निसटतो, त्यामुळे एका लॅबला फरक दिसतो, दुसरीला दिसत नाही. शिवाय काहींना अर्धा मिनिट करंट देऊन गुपचूप बंद करतात, म्हणजे नुसत्या चुणचुणीने ‘आज लक्ष लागलं’ वाटणारे वेगळे काढता येतात.

धाकट्याला मशीन अजिबात नको. लॅबमधलं यंत्र प्रश्न विचारायला असतं, बारावीचा पोर्शन संपवायला नाही, आणि घरी बॅटरी जोडून केलेल्या प्रयोगांत कातडी भाजते. मुलीला मात्र खुशाल बसू दे, फक्त फिट येण्याचा त्रास किंवा डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल तर आधीच सांगायचं, संमतीचा फॉर्म नीट वाचायचा, आणि नको वाटलं तर मध्येच उठून यायचा तिला हक्क आहे, ते तिला आजच सांगा.