जावई युरोपचा, नियम ब्रिटनचे

प्रश्न : वकीलताई, माझी मुलगी मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे. तिचं लग्न एका पोर्तुगीज मुलाशी ठरलंय. तो २०१७ पासून लीड्सला नोकरी करतो, त्याच्याकडे तिथला ‘सेटल्ड स्टेटस’, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे, पगार वर्षाला २७,५०० पौंड. दोघांची ओळख २०२२ मधली. आमच्या नात्यातली एक मुलगी २०१८ मध्ये अशाच लग्नानंतर व्हिसाची फी न भरता इंग्लंडला गेली होती. आम्हाला मात्र एजंट म्हणतो, “खूप खर्च आहे, त्यापेक्षा टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ.” ह्यांच्या रिटायरमेंटची एफडी मोडायची का? – एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, टुरिस्ट व्हिसाचं आधी डोक्यातून काढा. त्या व्हिसावर गेलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहून जोडीदाराचा व्हिसा घेता येत नाही. अर्ज भारतातूनच करावा लागतो. राहायला जायचं असताना ‘फिरायला चाललोय’ असं लिहून दिलं आणि ते उघड झालं, तर पुढचा प्रत्येक अर्ज संशयाने वाचला जातो. असा सल्ला देणाऱ्या एजंटकडे पुन्हा जाऊ नका.

नात्यातली मुलगी गेली तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं. युरोपीय नागरिकाच्या बायकोला फॅमिली परमिट, म्हणजे कुटुंबीय म्हणून तिथे जायचा परवाना, मोफत मिळायचं आणि पगाराची अट नव्हती. ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते दार बंद झालं. त्या तारखेआधी नातं होतं हे सिद्ध करता आलं, तर आजही जुन्या सवलतीतून जाता येतं. तुमच्या मुलांची ओळखच २०२२ ची. त्यामुळे तुमच्या जावयाला आता ब्रिटिश नवऱ्याचाच नियम लागू, पासपोर्ट पोर्तुगालचा असला तरी.

तो नियम पगारावर उभा आहे. २०१२ पासून १८,६०० पौंडांची अट होती, ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. तुमचा जावई १,५०० पौंडांनी कमी पडतो. मिहानमधला तुमच्या मुलीचा पगार कितीही असो, पहिल्या अर्जात तो शून्य धरतात. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मी ते प्रत्येक पालकांसमोर बोलते. स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी, आणि कागदावर तिची कमाईच नाही!

कमी पडणारी रक्कम बचतीतून भरता येते, पण तिचं गणित विचित्र आहे. आधी १६,००० पौंड, त्यावर तुटीच्या अडीच पट. म्हणजे तुमच्यासाठी १६,००० अधिक ३,७५०, एकूण १९,७५० पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर पावणेतेवीस लाखांच्या आसपास. ही रक्कम मुलीच्या किंवा जावयाच्या नावावर, त्यांच्या ताब्यात, सलग सहा महिने हवी. एफडी चालते, पण ती केव्हाही मोडता आली पाहिजे, दंड पडला तरी हरकत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीवर विसंबू नका, रीतसर नियमन असलेली बँकच हवी. आई-वडिलांनी दिलेले पैसे चालतात, मात्र ते बक्षीस असले पाहिजेत, कर्ज नव्हे. म्हणूनच मी एफडी मोडू नका म्हणते. ‘व्हिसा झाला की परत करायचे’ असं घरात ठरवून बक्षीसपत्रावर सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं. आणि खरोखर देऊन टाकले, तर तुम्हा दोघांच्या म्हातारपणाचा आधार गेला.

त्यापेक्षा जावयाला आहे त्याच कंपनीत पगार वाढवून मागू दे. २९,००० झाला की त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच रकमा दाखवणारं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र जमवा. या सहा महिन्यांत जो सर्वांत कमी पगार असेल, तोच हिशेबात घेतात, म्हणून वाढ मिळाल्या मिळाल्या अर्ज करून उपयोग नाही. नोकरी बदलायची मात्र घाई नको. नव्या नोकरीला सहा महिने व्हायच्या आत अर्ज केला, तर मागच्या बारा महिन्यांची कमाईही २९,००० भरावी लागते. पोरं जास्त पगारासाठी नोकरी बदलतात आणि इथेच अडकतात.

आता खर्च. हे दर एप्रिल २०२५ मधले आहेत, अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. व्हिसाची फी १,९३८ पौंड. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायचे पैसे, वर्षाला १,०३५, तीन वर्षांचा एकदम ३,१०५. म्हणजे विमानात बसायच्या आधीच ५,०४३ पौंड, सुमारे पाच लाख ऐंशी हजार रुपये. पावणेतीन वर्षांच्या आत मुदतवाढ, तिथे फी आणि अधिभार मिळून ३,९०८ पौंड. त्या वेळी तिचा तिथला पगारही जोडता येतो, म्हणजे पहिला घाटच खरा अवघड. पाच वर्षांनी कायम वास्तव्याची फी ३,०२९. सगळं मिळून बारा हजार पौंडांच्या घरात, पावणेचौदा लाख रुपये. लग्नाच्या हॉलचं बुकिंग करण्याआधी हा आकडा दोघांनी एकत्र बसून बघावा.

इंग्रजीसाठी ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा लागते. मुलीची डिग्री इंग्रजी माध्यमातली असेल, तर परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या एक्टिस या ब्रिटिश संस्थेचा दाखला चालतो. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करायची, ती मुंबईत होते. तो दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून पगाराचे कागद पूर्ण व्हायच्या आधी तपासणी करू नका.

आणखी एक वाट तुमच्या जावयाने बघावी. त्याला डब्लिनमध्ये नोकरी मिळाली, तर आयर्लंड युरोपीय संघात असल्याने २००४ चा युरोपीय निर्देश, म्हणजे संघाच्या नागरिकांच्या कुटुंबांसाठीचा नियम, लागू होतो. बायकोचा व्हिसा मोफत, पगाराची ठरीव अट नाही, तिला काम करायची मुभा. लीड्सच्या नोकरीवर त्याचा जीव असेल तर आग्रह धरू नका, पण विचारून तरी बघा.

लग्न नागपुरातच करा, विशेष विवाह कायदा, १९५४ खाली. मुलगी तीस दिवसांपासून जिल्ह्यात राहते आहे, एवढं पुरतं. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. तो अविवाहित असल्याचा पोर्तुगालचा दाखला जावयाला आत्तापासून मागवायला सांगा, तो हाती येईपर्यंत नोटिशीची तारीख ठरवू नका.