वायसर कोण बदलणार?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाण्यातलं फ्लोराईड आणि आर्सेनिक मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोजता येईल अशी स्वस्त पट्टी तू बनवते आहेस, आणि पीएचडी झाली की ती घेऊन आफ्रिकेत काम करायचं तुझ्या मनात आहे. घरचे म्हणतात, आधी कायमची नोकरी बघ. त्यात मी पडत नाही, ते तुझं तू ठरव. "सुरुवात कुठून करू?" असं मात्र तू विचारलंस, तर मी म्हणेन, सोलापूर-जालन्याच्या हापशांपासून कर.

साठच्या दशकाच्या अखेरीस युनिसेफनं कठीण खडकात बोअर पाडणारी यंत्रं आपल्याकडे आणली. पाणी लागत होतं. पण वर बसवलेले हापसे बिडाचे, मुळात एका घरापुरते बेतलेले. त्यांवर अख्खं गाव पहाटेपासून पाणी भरू लागलं आणि ते मोडायला लागले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा चारातले तीन हापसे बंद निघाले. याच काळात जालन्यात आणि सोलापुरात पोलादाचे हापसे तयार होत होते आणि ते टिकत होते. सोलापूरच्या हापशात दांडा एकाच खिळीवर फिरायचा, आणि दांडा व आतली सळई यांच्यामध्ये साखळी होती. साखळीमुळे सळई सरळ वर ओढली जाते, बाजूला हिसका बसत नाही, झीज कमी होते. एवढंच! युनिसेफच्या मंडळींनी कोऱ्या कागदावरून सुरुवात केली नाही. टिकलेला हापसा उचलला, मद्रासच्या यांत्रिकी संशोधन संस्थेबरोबर आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याबरोबर त्यात सुधारणा केल्या आणि कोइमतूर भागात रोजच्या वापरातल्या बोअरवर तो पारखून घेतला. त्याचं नाव इंडिया मार्क टू. त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणून कुणालाही तो बनवता आला. तू आफ्रिकेत जाशील तेव्हा कितीतरी गावांत तोच दिसेल. मला या हापशाचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण पुढचं तुझ्या विषयातलं आहे, म्हणून नीट वाच. पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. सामू, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा पीएचचा आकडा, साडेसहाच्या खाली गेला की जस्त चढवलेले लोखंडी पाइप आतून गंजतात. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, चवीला लोखंड लागतं, धुतलेल्या कपड्यांवर आणि भातावर रंग चढतो. बायकांनी तो हापसा सोडून पुन्हा ओढ्याची वाट धरली. यंत्र चालू होतं, पाणी जंतूंच्या दृष्टीनं चांगलं होतं, तरी ते वाया गेलं. त्यावर उपाय म्हणून गंज न चढणारे पाइप आले. भारतात वर्षानुवर्षं चाललेली वस्तू दुसऱ्या मातीत का बिघडली, याचं उत्तर एका साध्या सामू मापनात होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज तिथे होती.

बांगलादेशचं तुला माहीतच आहे. तळ्याच्या पाण्यानं होणारे जुलाब टाळायला लाखो कूपनलिका खणल्या. पाणी तपासलं ते जंतूंसाठी, आर्सेनिकसाठी नाही. १९९३ साली त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. पुढे पन्नास लाखांच्या आसपास कूपनलिका तपासून काही हिरव्या, काही लाल रंगवल्या. लाल रंग म्हणजे "हे पाणी पिऊ नका". शेजारच्या अंगणात हिरवी नळी असेल आणि शेजारीण भरू देत असेल, तर बाई तिकडे जाई. जवळपास हिरवी नसेल तर? रंग त्याचं उत्तर देत नव्हता.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका गावच्या हापशात आम्हाला फ्लोराईड जास्त सापडलं. आम्ही "पिण्यास अयोग्य" अशी पाटी लावली आणि जीपमध्ये बसून परत आलो. वर्षानं गेलो तर पाटी तिथेच होती आणि तिच्याखाली हंड्यांची रांगही. दुसरं पाणी दीड किलोमीटरवर, चढावर. एका म्हातारीनं विचारलं, "वाचता येतंय रं बाबा, पर पानी कुठनं आणू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. तो प्रश्न अजून माझ्यासोबत आहे.

म्हणून तुझ्या पट्टीबद्दल मी पहिल्यांदा अचूकता विचारणार नाही. आकडा जास्त आला तर त्याच संध्याकाळी कोण काय करणार, ते विचारीन. केनियात कितुई भागातल्या क्युसोला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हापशांच्या दांड्यांत हालचाल टिपणारं छोटं यंत्र बसवलं. हापसा किती चालतो ते एसएमएसनं कळायचं. बंद हापसा दुरुस्त व्हायला आधी सरासरी २७ दिवस लागत, ते तीनच्या आत आले. लोक त्या यंत्राचंच कौतुक करतात. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळं: निरोप आला की निघणारा मेकॅनिक त्यांनी आधीच नेमून ठेवला होता.

तर आता असं कर. फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी एखाद्या पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर चार दिवस फिर. तक्रार कधी आली आणि पथक कधी पोचलं, ते वहीत लिही. पाइप वर काढताना हात लाव, नुसती बघत उभी राहू नकोस. दट्ट्याचा वायसर कशानं झिजला, वाळूनं की गंजानं, ते त्यांनाच विचार, ते हातात घेऊन सांगतील. गावातल्या बायकांना विचार, कोणतं पाणी प्यायला, कोणतं भांड्यांना, आणि डाळ कोणत्या पाण्यात शिजत नाही. तुझी पट्टीही ने, पण पहिले दोन दिवस पिशवीतून काढू नकोस.

आणि एक झिजलेला वायसर मागून घे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, आपण दोघं भिंगाखाली पाहू.

कळावे.