बहीण झोपली ते बरोबरच झालं

प्रश्न : काका, मी एफ. वाय. ला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि मी १९७८ चा 'हॅलोवीन' पाहिला. रात्री पाणी प्यायला उठायचीही हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी हौसेने दुसरा भाग लावला, तर ताई अर्ध्यातच झोपली. खून जास्त, रक्त जास्त, तरी भीती कमी, असं का? स्लॅशरचे, म्हणजे एकेकाला मारत सुटणाऱ्या खुन्याच्या भयपटांचे, पुढचे भाग पाहूच नयेत का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताईला माझा नमस्कार सांग. (पुढे रहस्यं फुटणार आहेत. ज्यांना नको असतील त्यांनी पान उलटावं.)

'हॅलोवीन'मधला मुखवटेवाला खुनी मायकल मायर्स त्या पोरींच्याच मागे का लागला, हे दिग्दर्शक जॉन कारपेंटरने पहिल्या भागात सांगितलंच नाही. श्रेयनामावलीत मुखवटेवाल्याचं नाव नुसतं 'द शेप', म्हणजे आकार. वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा दिसतो, पुन्हा बघावं तर नाही. १९८१ च्या दुसऱ्या भागात मात्र सांगून टाकलं, की त्याच्या तावडीतून वाचलेली लॉरी त्याची बहीण. झालं! कुणाच्याही दारात येऊ शकणारं संकट एका घरापुरतं उरलं. भाऊबंदकीला आपण कशाला घाबरतोय? लिहिणारे पुन्हा कारपेंटर आणि डेब्रा हिलच होते, हे विशेष. २०१८ मध्ये नवा 'हॅलोवीन' आला तेव्हा हे बहीणभावाचं नातं, मधल्या सगळ्या भागांसकट, गुंडाळून ठेवलं.

आणि रक्ताचं म्हणशील, तर मध्ये १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' येऊन गेला होता. प्रेक्षक मुडदे मोजायला लागले होते.

पण पुढचे सगळेच भाग टाकाऊ म्हणालीस तर मी भांडेन. त्याच 'फ्रायडे'चं बघ. ज्याच्या नावाने ही मालिका ओळखली जाते तो जेसन पहिल्या भागात खुनी नाहीच, त्याची आई आहे. दुसऱ्यात जेसन येतो तो डोक्यावर कापडी पिशवी घालून. टी-शर्टवर दिसतो तो हॉकीचा मुखवटा त्याला मिळाला तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये! सहावा (१९८६) माझा लाडका. पुरलेला जेसन विजेच्या धक्क्याने उठतो आणि सिनेमा स्वतःवरच हसतो. आठव्याने मात्र नावात मॅनहॅटनची हूल दिली आणि अर्ध्याहून जास्त वेळ बोटीवरच काढला.

'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा तिसरा भाग (१९८७) जरूर बघ. आधी एकेकटी सापडणारी मुलं इथे मनोरुग्णालयात एकत्र येतात आणि स्वप्नात शिरून मारणाऱ्या फ्रेडीशी स्वप्नातच झुंजतात. पहिल्या भागात नव्हतं असं काही हा भाग देतो. फ्रेडीला विनोद सुचायला लागतात तेही इथूनच. पुढे पुढे तो इतका बोलतो, की सुऱ्यांच्या हातमोज्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

माझी व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हाची गोष्ट. 'हॅलोवीन ३' ची कॅसेट नेलेलं गिऱ्हाईक सकाळी शटर उघडायच्या आत दारात हजर. "यात तो मुखवटेवाला नाहीच. पैसे परत!" खरंच नव्हता. दर वेळी नवी गोष्ट सांगायची, असा कारपेंटर-हिल यांचा बेत होता. म्हणून १९८२ च्या त्या भागात मायकल नाही. लहान मुलांचे मुखवटे बनवणारा कारखाना आणि टीव्हीवरची एक जाहिरात आहे. लोकांनी नाकारला आणि चौथ्यात मायकल निमूट परत आला. मीही तेव्हा भाड्याचे पैसे परत दिले, कारण मलाही तो आवडला नव्हता. आज विचारशील तर मालिकेतला माझा दुसऱ्या क्रमांकाचा आवडता सिनेमा तोच. ती जाहिरातीची धून अजून डोक्यात वाजते.

तेव्हा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तोच लाव. मायकल नाही, हे ताईला आधी सांगून ठेव. तरीही झोपली तर कळव.