पोफळीच्या बागेत सलाक

प्रश्न : बालीच्या सहलीत खवलेदार सालीचे सलाक हे फळ खाल्ले आणि फार आवडले. आमची पोफळीची बाग आहे. पुढच्या वेळी बिया आणून लावल्या, तर फळे धरतील का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बिया सामानातून आणू नयेत, ही पहिली विनंती. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. सलाक हे ताडकुळातले झाड असल्याने त्याच्यासोबत आलेली कीड आपल्या माडा-पोफळींवर पसरण्याची भीती खरी आहे. शिवाय हे बी सुकले की लवकरच रुजेनासे होते.

फळधारणेचे म्हणाल, तर जावा बेटावरील सलाकमध्ये पपईप्रमाणे नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेले रोप कोणते निघाले, हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षे, कळत नाही. त्यामुळे योग्याकार्ताजवळच्या स्लेमन भागात, जिथे ‘पोंदोह’ ही कोवळेपणीही गोड लागणारी जात पिकते, तिथले शेतकरी मादी झाडाच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे वेगळे करून लावतात आणि नराचा तुरा कापून त्यातले पराग मादीच्या फुलोऱ्यावर हाताने झटकतात. आपण बालीत खाल्लेल्या प्रकारात मात्र द्विलिंगी फुले येत असल्याने एकटे झाडही फळते. तरीही बियांच्या रोपाला मूळ झाडाची गोडी उतरेलच, असे नाही.

पोफळीची सावली त्याला मानवेल. मुळे उथळ असल्याने डिसेंबरपासून पावसाळ्यापर्यंत शिंपण्यात खंड पडता कामा नये. कोकणात खरी कसोटी इथेच आहे. जागा ठरवताना काट्यांचा विचार अवश्य करावा. याचे खोड फारसे वर येत नाही, जमिनीतूनच निघाल्यासारखी दिसणारी पाने कित्येक मीटर लांब वाढतात, त्यांच्या देठांवर लांब, अणकुचीदार काटे असतात, आणि फळांचे घोस नेमके त्या काट्यांच्या आत, बुंध्याशी लागतात. सह्याद्रीतला वेत ज्यांनी तोडला आहे, त्यांना याची कल्पना येईल. तो याच गटातला असून त्याच्या फळांवरही अशीच खवले असतात. म्हणून माणसांच्या वाटेवर न लावता बागेच्या कडेला, पाण्याचा पाट पोहोचेल अशा ठिकाणी लावावे. इंडोनेशियात त्याचे कुंपणही करतात. रोपे रोपवाटिकेतून घेताना ती बियांची की मुनव्याची, हे विचारावे, आणि जावाचा प्रकार असल्यास मादीसोबत एक नर झाड मागून घ्यावे.