प्रोस्टेटच्या त्रासाची मराठी प्रश्नावली दोनदा भरली आणि गुण वेगळे आले. तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा?

आपण लिहिले आहे की, देवगडला वडिलांनी ही प्रश्नावली घरी आपल्या मदतीने भरली तेव्हा १२ गुण आले आणि आठवड्याभराने दवाखान्यात परिचारिकेने तेच प्रश्न विचारले तेव्हा १७. मधल्या काळात औषध बदललेले नव्हते, त्यामुळे अनुवादच सदोष असावा अशी आपल्याला शंका आहे. रत्नागिरीत मूत्रविकाराच्या रुग्णांकडून ही प्रश्नावली भरून घेण्याचे काम मी करतो. माझ्या मते हा फरक अनुवादापेक्षा प्रश्नावली भरून घेण्याच्या पद्धतीमुळे पडला असण्याची शक्यता अधिक आहे.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या १९९२ सालच्या सात प्रश्नांवर ती आधारलेली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण असतात. बेरीज ७ पर्यंत असल्यास त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र मानतात. मूळ इंग्रजी प्रश्नावली त्याच रुग्णांनी पुन्हा भरली तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांतला सहसंबंध (गुणांचे चढउतार किती जुळतात ते दाखवणारा आकडा, कमाल १) ०.९२ आला होता, पण हा आकडा मराठी अनुवादाला आपोआप लागू होत नाही. अनुवादाचा उलट अनुवाद, म्हणजे मराठीतून पुन्हा इंग्रजी, करून तो मुळाशी ताडावा लागतो, प्रश्नाचा अर्थ काय समजला हे प्रत्यक्ष रुग्णांना विचारावे लागते आणि प्रकृती स्थिर असलेल्यांकडून तो दोनदा भरून घ्यावा लागतो. शिवाय दुसऱ्या वेळी सर्वांचेच गुण पाचाने वाढले तरी सहसंबंध उत्तमच दिसतो, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबू नये.

खरी अडचण उत्तरांच्या पर्यायांत येते. ‘पाचपैकी एकापेक्षा कमी वेळा’, ‘निम्म्यापेक्षा कमी वेळा’ असा हिशेब आपल्याकडचे वयस्क गृहस्थ ठेवत नाहीत. ते ‘कधी कधी होतं’ एवढेच सांगतात आणि त्याचा १ करायचा की ३, हे लिहून घेणारा ठरवतो. चार-पाच प्रश्नांत असे झाले की पाच गुणांचा फरक सहज पडतो. मुलासमोर किंवा सुनेसमोर त्रास कमी सांगण्याकडेही अनेकांचा कल असतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले एक तांडेल (मासेमारी नौकेचे प्रमुख) रात्री मासेमारीला जात आणि दिवसा झोपत. ‘रात्री किती वेळा उठावे लागते’ या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे शून्य सांगितले. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत ते रात्री घरी झोपू लागले तेव्हा तेच उत्तर तीनवर गेले, आजार मात्र होता तेवढाच होता.

वडिलांना वाचता येत असेल, तर पर्याय एकदा समजावून त्यांना एकांतात स्वतः भरू द्यावे. नसेल, तर दर वेळी एकाच व्यक्तीने त्याच पद्धतीने विचारावे. सोबत तीन दिवस लघवीची वेळ आणि माप लिहून ठेवल्यास डॉक्टरांना पडताळा मिळतो. साधारण तीन गुणांची घट झाली की रुग्णाला किंचित बरे वाटते, असे अभ्यासात दिसले आहे. आपल्याकडचा फरक त्याहून मोठा असला तरी विचारणारी व्यक्ती बदलल्यामुळे केवळ त्यावरून आजार वाढला असे मी म्हणणार नाही. या गुणांवरून कर्करोग आहे की नाही हेही कळत नाही, आणि लघवीतून रक्त गेले किंवा लघवी पूर्ण अडली, तर गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.