सल्ला : मी मुलांना खोटे शिकवले का?

प्रश्न : ताई, मी कराड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. वय 67. एकतीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. 2019 च्या पहाटेच्या शपथविधीपासून माझे मन उडाले. पुढे पक्ष फुटले, चिन्हे इकडची तिकडे गेली, आणि ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच मांडीला मांडी लावून माणसे बसली. घरातले कोणी गेल्यासारखे वाटते. दिवाळीत एक माजी विद्यार्थी पेढे घेऊन पाया पडायला आला. तो आता तालुक्याचा पदाधिकारी आहे. पाच वर्षांतला हा त्याचा तिसरा पक्ष. मी आशीर्वाद दिला आणि तो गेल्यावर न्हाणीघरात जाऊन रडलो. पुड्याला बुरशी येईपर्यंत कोणी हात लावला नाही. सतरा वर्षांचा असताना कराडच्या साहित्य संमेलनात मी स्वयंसेवक होतो, मांडवात पाणी वाटत होतो. तो मुलगा आणि हा म्हातारा एकच का, असे वाटते. मी मुलांना खोटे शिकवले का?

उत्तर : सर, तुमच्या पत्राच्या तळाशी, निळ्या शाईखाली, काळ्या पेनाने एक ओळ लिहिलेली आहे : ‘हे रात्री दीड वाजता उठून आवाज बंद करून बातम्या बघतात.’ ती तुम्ही पाहिली होती की पाकीट चिकटवण्यापूर्वी कोणी हळूच घातली, हे मला ठाऊक नाही. अक्षर वहिनींचे असावे. त्यांच्याकडे शेवटी येते.

तुम्हाला जे होते आहे त्याला शोकच म्हणायला हवे. ‘राजकारण आहे, मनाला लावून घेऊ नका’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. पण ज्याने एकतीस वर्षे ते मनाला लावून घेऊनच शिकवले, त्याला आता ते झटकून टाकता येत नाही, आणि यावे असेही मला वाटत नाही. मात्र आपल्याकडे शोकालाही एक शिस्त आहे. माणूस गेला की घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलेभाकरी आणून देतात, दहाव्याला सगळे नदीवर जमतात आणि तेराव्याला गोड घास घेऊन घरच्यांना पुन्हा कामाला लागावे लागते. तुमच्या दुःखाला शेजाऱ्यांची भाकरी मिळाली नाही की दहावाही मिळाला नाही. उलट रोज रात्री नऊ वाजता आठ चौकटींतली आठ माणसे ओरडत घरात शिरतात आणि उचललेले प्रेत पुन्हा अंगणात आणून ठेवतात. खरे तर इथे कोणी गेलेलेच नाही. लोकशाही आजारी जरूर आहे, पण आजाऱ्याचे सुतक कोणी धरत नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही खोटे शिकवले नाही, अर्धे शिकवले. पक्षांतरबंदी कायद्याविषयी तुम्ही फळ्यावर काय लिहीत असाल याचा मला अंदाज आहे, कारण आमच्या बाईंनीही तेच लिहिले होते : 1985, बावन्नावी घटनादुरुस्ती, दहावे परिशिष्ट, पक्ष सोडल्यास सदस्यत्व रद्द. त्याखाली एक रेघ, आणि तास संपला. त्या रेघेच्या वरचा आणि खालचा इतिहास मात्र वर्गात आलाच नाही. 1967 मध्ये हरियाणातील गया लाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि भाषेला ‘आयाराम गयाराम’ मिळाले. पक्षांतरांवर उपाय सुचवण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तुमच्याच कराडचे यशवंतराव चव्हाण होते. समितीचा अहवाल 1969 मध्ये आला. त्यानंतर 1973 आणि 1978 मध्ये विधेयके आली आणि कायदा न होताच विरली. अखेर 1985 मध्ये कायदा झाला तेव्हा यशवंतराव हयात नव्हते. प्रीतिसंगमावर फिरायला जात असाल, तर त्यांच्या समाधीपाशी बसून ही सोळा वर्षे एकदा मोजून पाहा.

रेघेखालचा भाग तर अधिकच बोलका आहे. मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ते पक्षांतर नव्हे, तर पक्षातील फूट मानली जाई. एकट्याने पळणे गुन्हा ठरला, टोळीने पळणे मात्र चालत राहिले. ही पळवाट 2003 मध्ये बुजवली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उरली, आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांच्याच हाती राहिला, ज्यासाठी कायद्यात कोणतीही मुदत नाही. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी अध्यक्षांना वाजवी वेळेत निर्णय द्यायला सांगितले. निर्णय 10 जानेवारी 2024 रोजी आला आणि दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात हे पत्रात लिहिलेले नाही, आणि ते बरेच केलेत, कारण या हिशेबासाठी त्याची गरज पडत नाही. कायदा म्हणजे बांधून पूर्ण झालेली इमारत, असे तुम्ही मुलांना सांगत आलात आणि स्वतःही मानत आलात. ती दर काही वर्षांनी गळणारे छत आहे, ज्यावर कोणाला तरी चढावे लागते. तुम्हाला लोकशाहीचे दुःख आहेच, पण त्यात स्वतःच्या खात्रीचे दुःखही मिसळलेले आहे. ती दोन वेगळी केलीत तर पहिले जरा पेलवेल.

तुमचे संमेलन डिसेंबर 1975 चे. आणीबाणी लागू होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, स्वागताध्यक्ष यशवंतराव केंद्रात मंत्री होते, आणि त्याच व्यासपीठावरून अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावे लागले. काळ आजच्यापेक्षा सोपा होता असे तुम्हीही म्हणणार नाही. तरी त्या मांडवातल्या मुलाला सुतक आल्यासारखे वाटले नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते त्याचे वय नव्हे. त्याच्या हातात पाण्याची कळशी होती, आणि त्या रात्री तो दमून झोपला असेल.

म्हणून कळशी शोधा, आणि ती गावातच शोधा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून ती दहा-बारा माणसांत उरकते. हे गावाला ठाऊक असते, फक्त कोणी उठून बोलत नाही. तुम्ही पहिल्याच सभेला मागच्या इतिवृत्ताची वही मागा. मिळाली नाही, तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि तो कसा लिहायचा हे दहावीच्या चार मुलांना शेजारी बसवून दाखवा. रेघेखालचा धडा तोच आहे. गावात ‘सर आता राजकारणात उतरले’ असे म्हणतील, म्हणू द्या.

त्या विद्यार्थ्याला मात्र मी असा सोडणार नाही. तो तिसऱ्या पक्षात जाऊनही तुमच्याकडे पेढे घेऊन आला, म्हणजे तुमच्या पसंतीची त्याला अजून गरज आहे, आणि तुम्ही आशीर्वाद देऊन ती फुकट देऊन टाकली. त्याला चहाला बोलवा. भाषण देऊ नका, न्हाणीघरात रडलात हेही सांगू नका. ‘प्रत्येक वेळी पक्ष का सोडलास, एकेकाचे कारण सांग’ एवढेच विचारा आणि तोंडी परीक्षेला थांबत होता तसे उत्तर येईपर्यंत थांबा. कदाचित तो कंत्राटाचे कारण सांगेल, कदाचित भीतीचे. नाही तर वरचे नेते गेले म्हणून मागे गेलो, असे म्हणेल. काहीही निघाले तरी टीव्हीवर कधी न ऐकलेले असे काही तुम्हाला ऐकायला मिळेल.

झोप अशीच तुटत राहिली, जेवण नकोसे झाले किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा; केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि वहिनी, तुमची ओळ पोचली. रात्री नऊनंतर रिमोट आणि सरांचा मोबाईल दोन्ही तुमच्या उशाखाली ठेवा; सकाळी वर्तमानपत्र आले की आधी ते तुम्ही वाचा आणि मग त्यांच्या हातात द्या.