गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत गोचीड चावली, तर लाइम रोग होऊ शकतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोंडू गोळा करताना गुडघ्यामागे गोचीड चिकटली, नेटवर वाचलं की लाइम (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा रोग) हरणांमुळे पसरतो, सांबरं-भेकरं आपल्या रानातही आहेत, मग लाइमची टेस्ट करून घ्यावी का?

टेस्ट करू नका. लाइम पसरवणाऱ्या इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस आणि इक्सोडिस रिसिनस या अमेरिका-युरोपातल्या जाती सत्तरीच्या रानात नाहीत. शिवाय ही टेस्ट जिवाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेली अँटिबॉडी शोधते. लाइमचा जिवाणू बोरेलिया आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) जिवाणू दोघेही मळसूत्री घराण्यातले. गेल्या पावसाळ्यात शेतात लेप्टो होऊन गेला असेल, तर लाइमची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

हरणांचं अर्धंच खरं आहे. गोचिडीच्या अंड्यातून निघालेल्या सहापायी पिल्लात बोरेलिया जवळपास नसतोच. ते पिल्लू पहिलं रक्त कोणाचं पितं, यावर पुढचं सगळं अवलंबून. ईशान्य अमेरिकेत ते बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदरावर चढतं. त्या उंदराच्या अंगात बोरेलिया महिनोन्महिने राहतो आणि उंदराला फारसं काही होत नाही. हरणाच्या अंगात मात्र तो टिकत नाही. हरीण मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त पुरवतं, त्यांची संख्या वाढवतं, एवढंच. कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याची तर गंमतच आहे: त्याच्या रक्तातली प्रथिनं गोचिडीच्या पोटातला बोरेलिया मारून टाकतात. म्हणजे गोचीड चावते सगळ्यांनाच, पण रोग पुढे नेण्याची कुवत प्रत्येक प्राण्यात नसते.

आपल्याकडे याच नजरेनं पाहायचं ते माकडतापाकडे, म्हणजे केएफडीकडे (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज). हा जिवाणू नव्हे, विषाणू. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला, २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आला. इथली गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. इथं हरणाच्या जागी गुरं: मोठ्या गोचिडी पोसतात, विषाणू नाही. वानर आणि लाल तोंडाची माकडं आजारी पडून मरतात, अंगावरच्या गोचिडी तिथेच पाचोळ्यात उतरतात, आणि तेवढी जागा धोक्याची होते. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. माणसाला चावतात त्या बहुतेक तिळाएवढ्या, मधल्या अवस्थेतल्या. त्यांचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम.

काढायची पद्धत: टोकदार चिमट्यानं कातडीला अगदी लागून तोंडाशी पकडा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पिळू नका. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही नको. डिवचलेली गोचीड लाळ आणखी सोडते. पोट धरून ओढलंत तर तोंड आत तुटतं. ते सहज निघालं नाही तर उकरत बसू नका. मग साबणानं धुवा, तारीख लिहून ठेवा. लाइममध्ये बोरेलिया गोचिडीच्या आतड्यातून लाळेत यायला बहुधा ३६ तासांहून जास्त लागतात, म्हणून तिथं ‘लवकर काढली, वाचलो’ म्हणता येतं. विषाणू लाळेतच तयार असू शकतो, तेव्हा हा हिशेब इथं लावू नका.

माकडताप चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत येतो: अचानक, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, पाठ-पोटऱ्या ठणकतात, कधी नाका-हिरड्यांतून रक्त. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ‘गोचीड चावली होती, सत्तरीत’ हे आधी सांगा. पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर उपयोगी पडते. तोवर पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन नको. लाइमसाठी नेटवर दिसणारी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची एक गोळी विषाणूवर चालत नाही. अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर तीही दाखवा, तो स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा जिवाणूचा ताप) असू शकतो आणि डॉक्सी त्याच्यावर मात्र चालते, अर्थात डॉक्टरांनी दिली तर.